पावातला बांगडा भातात

आये,

केरीच्या ज्या हॉटेलात मी आता स्वयंपाक करते, तिथल्या मालकाच्या मुलीने आज मला एक काम सांगितलं. किनाऱ्यावर येणाऱ्या लोकांना म्हणे हल्ली सँडविच नको असतं, पोटभरीचं हवं असतं, पण एकाच वाडग्यात. "मावशी, आमच्या बांगडा-पावाचो भात घालून वाडगो करपाक जमतलो?" असं तिने विचारलं. मी नुसती हसले. तिला वाटलं मला कळलं नाही, म्हणून बिचारी हातवारे करून समजावत बसली. तू पाळी गावच्या खाणरस्त्यावर हे केलंस तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता.

आपलं हाटेल म्हणजे चार खांब, वर झावळ्या आणि एक चूल, खनिजाचे ट्रक वळायचे त्या कोपऱ्यावर. लोक यायचे ते तुझ्या बांगडा-पावासाठी. लाल मिरची आणि विनेगरचा मसाला भरलेला बांगडा तव्यावर कडक तळायचा, पोदेराने सायकलवरून आणलेला पाव चिरून त्यात दाबायचा, वर कांद्याची चकती, आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून ट्रकच्या खिडकीतून वर द्यायचा. रांगेतला नंबर जाऊ नये म्हणून ड्रायव्हर एका हाताने गाडी चालवत, दुसऱ्या हाताने खात आणि काटे खिडकीबाहेर फुंकत. जागा खाणीची होती. हाटेल बंद दिसलं तर जागा दुसऱ्याला देईन, असं मुकादमाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बाबा गेल्यावर आपल्याला त्या चुलीशिवाय आधार नव्हता, हे तू पुरतं ओळखून होतीस. मला मात्र ते हाटेल डोळ्यांसमोर नको होतं. सोळा वर्षांची मी, केसांत तांबडी धूळ, हातांना मासळीचा वास. दोडामार्गला मामाकडे परत जावं आणि मी कॉलेजात जावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मग भाषेचं आंदोलन पेटलं. कोकणी की मराठी यावरून आपल्या बाकावर शेजारी बसणारी माणसं एकमेकांकडे पाठ करून चहा पिऊ लागली. एका सकाळी आंदोलकांनी रस्त्यावर झाडं आडवी टाकली आणि पोदेर आलाच नाही. ट्रक मात्र आपल्या दारातच अडकून पडले. आत पाटीभर बांगडे आदल्या दिवसापासून मसाल्यात मुरत होते.

"आये, आज बंद ठेवया," मी म्हटलं.

"पाव नाय गावलो म्हणान मानसां उपाशी ऱ्हवतली? उकडे तांदूळ काढ."

"भात काय हाटेलात खातत? भात घराक खातत."

तू चुलीत लाकूड सारलंस. "ह्येंची घरां खंय आसत गो हय?"

पाणी कमी होतं म्हणून मी कळशी उचलली आणि तरातरा विहिरीवर गेले. येऊन भात टाकला, रागारागात, नेहमीसारखं मीठ घालून.

त्यानंतर मी जे पाहिलं ते आज पन्नाशी उलटल्यावरही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तू तळलेला बांगडा ताटात ठेवतेस, पाठीवर अंगठा दाबतेस, आणि मधला काटा डोक्यासकट अख्खा वर येतो. कडेचे बारीक काटे तू न बघता, बोटांनीच शोधतेस. पावात काटा जिभेला लागतो, भातात तो दिसत नाही आणि घाईत घशात जातो, असं तू म्हणालीस. पाटी रिकामी होईपर्यंत तू मान वर केली नाहीस. मग माझ्या भाताचं शीत चाखलंस.

"मीठ घातलंस? मसालो मिठाचो, तो पाव शोषून घेता. आता कोण शोषतलो? हात चलता, डोक्या खंय आसता तुझा?"

एवढंच बोललीस. भातावर आधणाचं पाणी ओतलंस, पुन्हा निथळलास, आणि तो जाडा तांबूस भात सरळ बांगड्याच्या तव्यात घातलास. खरवड, तेल, मसाला, जे एरवी पावाने पुसून घ्यायचं, ते सगळं भाताने उचललं. वर बांगड्याचे तुकडे, आमसुलाच्या पाण्यात चुरलेला कांदा, काकडी आणि मूठभर ओलं खोबरं. पावाचं एकेक काम तू भाताकडून करून घेतलंस. आये, तुला हे कोणी शिकवलं नव्हतं. मी तिथे उभी राहून तुझे हात बघत होते आणि हाटेल बंद व्हावं ही इच्छा माझ्यातून कधी निघून गेली ते मला कळलंही नाही.

वाडगे आपल्याकडे सहाच होते. तू ड्रायव्हरांना आपापल्या डब्यांची झाकणं घेऊन बोलावलंस. ती माणसं खाली बसून, दोन्ही हात मोकळे ठेवून जेवताना मी पहिल्यांदाच बघत होते. भाषेचा वाद चालूच होता, पण तोंडं भरलेली असल्याने जरा हळू. दुपारी मुकादम आला, चेहरा ताठ.

"हाटेल बंद करता म्हूण आयकलां तुजें."

तू त्याच्यापुढे भाताने भरलेलं झाकण सरकवलंस. तो उभ्यानेच खाऊ लागला, मग बसला. जाताना म्हणाला, "पाव आयलो तरी हें बंद करूं नाका." भात मग कायमचा राहिला आणि जागाही राहिली, तुझे गुडघे गेले तोपर्यंत.

तुझ्या मनात मात्र एक गोष्ट बसली. समोर सोड्याची गाडी लावणाऱ्या बाईनेच मुकादमाकडे आपली कागाळी केली, असं तू धरून चाललीस. पुन्हा तिच्याशी बोलली नाहीस. माझ्या लग्नाला तिने नारळ आणि खण पाठवला, तोही तू परत केलास.

आज मी तसाच वाडगा केला. मालकाच्या मुलीने चाटूनपुसून खाल्ला आणि कोणाचा म्हणून विचारलं. माझ्या आवशीचा, असं मी अभिमानाने सांगितलं. काटे काढायला मला चष्मा लागतो, तुझा अंगठा माझ्याकडे आलाच नाही.

त्या सकाळी विहिरीच्या वाटेवर मुकादम मला भेटला होता. आये हाटेल बंद करणार, जागा कोणालाही द्या, असं मीच त्याला सांगितलं. तासाभराने तुझे हात बघताना जीव नुसता तुटत होता, पण शब्द परत घ्यायला धावत जायचं धैर्य झालं नाही. पुढे तू सोडावालीला नावं ठेवायचीस तेव्हाही मी गप्पच बसले.

तू गेल्यावर आता हे पत्र कुठे टाकायचं, ते मला माहीत नाही. ती बाई अजून पाळीतच आहे, खूप थकलीय म्हणतात. तिच्याकडे जायला बस आहे, आणि मी अजून गेलेले नाही.