वाढू नको, निकिता

३ डिसेंबर
अकोल्याहून आत्ता आलो. बेल्ट लावूनही निकिताच्या पाठीचा वाक वाढलाच. डॉ.नी जुना-नवा एक्स-रे शेजारी लावून दाखवले. म्हणाले, पाठ वाकली की मणक्याच्या एका बाजूवर दाब येतो, ती बाजू कमी वाढते. दुसरी मोकळी, ती जास्त. म्हणून वाक, आणि वाक वाढला की दाब आणखी. बेल्ट बाहेरून उलटा दाब देतो, बस. आमच्या यांनी विचारलंच, "पडवळाले आमी दगड बांधतो सायेब, मंग ते सरळ वाढते. हिले तसं काई?" डॉ. हसले नाहीत. "तसंच समजा. पण हाडाला वेळ लागतो."
मग मला विचारलं, पाळी आली का. नाही, आत्ता तर बारावं लागलं. म्हणजे वाढ पुष्कळ बाकी. ती थांबेपर्यंत वाक आवरला तर ठीक, नाहीतर ऑपरेशन, पाठीत सळया. नि. तिथंच उभी होती. सगळं ऐकलं तिनं.

८ डिसें.
बेल्ट बांधताना रोजची झटापट. काखेखाली चट्टे पडलेत. शेजारीण म्हणते, "पोरीच्या जातीले कायले असं जखडून ठेवता? लगन कोन करन तिच्याशी?" उचलली जीभ लावली टाळ्याला. वांगी तोडता तोडता दिवसभर मनातल्या मनात तिच्याशी भांडले.
नि.ची सलवार घोट्याच्या वर गेली. पोर उंच झाली म्हणून रडणारी मी पहिलीच आई असेन.

१३ डिसें.
यांनी संत्र्याचं पाणी तोडलं. दरवर्षीचा ताण. पाणी बंद की झाडाची वाढ बंद, मग जानेवारीत पाणी सोडलं की फूल. नि. बाबांच्या मागे मागे हिंडून काय काय विचारत होती. बरं वाटलं. अकोल्याहून आल्यापासून धड बोललीच नव्हती.

२२ डिसें.
बेल्ट ढिला झाला! पट्टी चांगली आत ओढावी लागली. पाठ सरळ होते आहे, दुसरं काय असणार? हे बाजाराला मेथी विकायला गेले ते येताना पेढे घेऊनच आले. शेजारणीला मुद्दाम नेऊन दिले. नि.नं पेढा हातात धरला, "मंग खाईन" म्हणाली.

२९ डिसें.
नि. शाळेत चक्कर येऊन पडली. बाईंचा फोन आला तेव्हा मी वाफ्यात. घरी आणून बेल्ट काढला तर बरगड्या वर आलेल्या. रोज मीच बांधते ना हा बेल्ट? कुठे होते माझे डोळे?
"डबा कोनाले देतं? अन् रातची भाकर?"
"बकरीले."
"काहून?"
मग हळूच, "बाबा संत्र्याचं पाणी तोडते तं झाड वाढत नाई. मी वाढली नाई तं वाक बी वाढत नाई. डॉक्टरच तं म्हणे. मी ताण देऊन राह्यली, आई."
यांना सांगितलं. हे तसेच बागेत गेले आणि संत्र्याच्या पाण्याची मोटार सुरू करून आले. ताण अर्धाच झाला होता. यंदा बहार फुटेल न फुटेल. मी अडवलं नाही.

३१ डिसें.
अकोला. डॉ. चिडले, तिच्यावर नाही, आमच्यावर. उपाशी राहून वाक थांबत नाही, हाडं कमजोर होतात. बेल्ट ढिला म्हणजे दाबच पडत नव्हता, एवढे दिवस फुकट. आणि आम्ही पेढे वाटले.
एक्स-रेत वाक आणखी. ऑपरेशन करू म्हणाले नाहीत, लागणार नाही असंही नाही. नव्या बेल्टचं माप घेतलं. "पोटभर खाऊ घाला. अंगानं भरेल, उंचही होईल. ते व्हायलाच पाहिजे."
व्हायलाच पाहिजे. आणि तेच नको आहे. एसटीत तोंडावर पदर घेऊन रडले. देवा, एवढी पाठ सरळ…

५ जानेवारी
नवा बेल्ट अजून आला नाही. जुना नुसता खुंटीला. फोन केला की "उद्या" म्हणतात. तोवर ही पाठ मोकळीच.
नि. दुपारी चुलीजवळ येऊन बसली. ताटात भाकर, वांग्याची भाजी. हात लावेना.
"आई, येवढी भाकर खाल्ली तं मी किती वाढीन?"
"मले नाई मालूम, बाई."
"मंग खाऊ का नको? तूच सांग."
हे दारात उभे होते, ते बाहेर निघून गेले. शेवटी मीच म्हणाले, खा.
खाल्ली. दुसरीही खाल्ली, ताट पुसून. मग माझ्याकडे न बघता ताट पुढे सरकवलं, "आनखी दे." किती दिवसांची भूक होती कुणास ठाऊक. मला आनंद झाला, आणि भीतीही वाटली. पीठ घेतलं आणि तिसरी थापायला बसले.