खोका उलटून बघावा

४ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि. मी खुशाल आहे. दोन वर्षांतली ही तिसरी नोकरी, हसू नकोस. स्ट्रॉबेरी निवडून खोक्यात भरायच्या. गोदाम इतकं गार की जून जवळ आला तरी अंगात गोदामाने दिलेले दोन स्वेटर. पट्ट्यावरून दिवसभर फळं जातात, सगळी अर्धी पांढरी. दोन दिवसांचा प्रवास सोसावा म्हणून कच्चीच तोडतात, आणि स्ट्रॉबेरी एकदा तोडली की पुढे गोड होत नाही. काल सवयीने एक नाकाला लावली. वास कसलाच नाही. मुकादमाला वाटलं मी खातोय.

बाबा आपल्या फळांच्या गाडीवर डोळे मिटून देठाशी वास घ्यायचे आणि गिऱ्हाइकं गप्प उभी राहायची, ते आठवतं. त्याच गिऱ्हाइकांसमोर मी म्हणालो होतो की कुत्र्यासारखं हुंगून धंदा होत नाही. ते माझं नाव काढतात का?

लोभ आटू देऊ नकोस.
तुझा भाऊ

१५ मे

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. तिसरी नोकरी ऐकून हसलेच. पायाला चाकं घेऊन जन्मलास, दुसरं काय.

हिवाळ्यातल्या तापातून बाबा उठले, गाडी रोज लावतात. वास पूर्वीसारखाच घेतात, उलट जरा जास्तच वेळ. तरी या आठवड्यात तीन खोके परत आले, तळाला बुरशी. शाळेच्या बाई अठरा वर्षं आपलं गिऱ्हाईक, त्या आता समोरच्या गाडीवर जातात. असंच चाललं तर गाडी उभी राहायची नाही. परवा बाबांच्या खाटेखाली खरबूज सडलं होतं. मला जिन्यातच दर्प आला, आणि बाबा त्याच खाटेवर आरामात पेपर वाचत बसलेले. विचारलं तर गटार तुंबलं असेल म्हणाले. डॉक्टरांचं नाव काढलं की अंगावर येतात.

तुझं नाव काढत नाहीत. पण तुझं पत्र वाचायला घेतलं की रेडिओ बंद करतात.

जेवत जा. माया आहे तशीच आहे.
ताई

२४ मे

ती. ताईस,

सा. न. खरबुजाचं दोनदा वाचलं. जे मला कळलं ते तुलाही कळलं असेल. त्यांना बोलू नकोस. खालचं तेवढं मोठ्याने वाचून दाखव.

बाबा, नमस्कार. इथल्या गारठ्यात फळाला वास येत नाही, म्हणून मी डोळ्यांनी आणि हातांनी निवडायला शिकलोय. बरोबर की चूक ते सांगा. स्ट्रॉबेरी मानेपर्यंत लाल हवी, खांदे पांढरे असतील तर नको. पानं हिरवी, ताठ. खोका उलटून बघावा, तळ ओला किंवा डागाळलेला दिसला की ठेवून द्यावा. खरबूज सारख्या आकाराची दोन घेऊन तोलावीत, जड ते आपलं. पीचच्या लाल गालांना भुलू नये, देठाजवळचा हिरवा रंग जाऊन पिवळा आलाय का ते बघावं. चेरीला देठ नसला तरी चालतो असं मुकादम म्हणतो, मला पटत नाही. नाकाशिवाय काम करताना त्या दिवशी तुम्हाला जे बोललो ते रोज आठवतं. चुकलो.

माझ्यावरचा राग उतरला नसला तरी उत्तर द्यावं.
तुमचा मुलगा

६ जून

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. वाचून दाखवलं. पुन्हा वाच म्हणाले. मग म्हणाले, बाकी ठीक आहे, पण चेरीला देठ हवाच आणि तोही हिरवा; मुकादमाला म्हणावं कांदे विक. दुसऱ्या दिवशी मंडईत त्यांनी एकेक खोका उलटून बघितला. व्यापारी वैतागला, यांना ढिम्म नाही. आठ दिवसांत एकही खोका परत आलेला नाही. बाई काल परत आल्या, समोरच्याची स्ट्रॉबेरी पाणचट निघाली म्हणे.

गाडीवर अजून डोळे मिटून वास घेतात, गिऱ्हाइकांसाठी. काल मात्र घरी एक स्ट्रॉबेरी माझ्या हातावर ठेवली आणि वास कसा आहे ते सांग म्हणाले, भिंगरीला कळवायला हवं. मी म्हटलं, पाक उकळताना येतो तसा, आणि मागून थोडी ओली पानं. ती परत घेऊन देठापर्यंत निरखली. मग म्हणाले, लिही, चांगला माल विसेक तारखेपर्यंतच आहे. झोपायला जाताना म्हणाले, या पोराने जन्मात कधी कुणाला काही विचारलं नव्हतं.

गाडीमागे तुझं स्टूल अजून आहे. त्यावर वजनकाटा ठेवतात, पण आहे.
ताई

११ जून

ती. ताईस,

सा. न. मुकादमाला कांद्यांचं सांगितलं आणि स्वेटर परत केले. अठराला सकाळी पोहोचतो.

बाबांना सांग, मी वास घ्यायला येत नाही, खायला येतोय. इथे रोज हजारो स्ट्रॉबेऱ्या हातांतून गेल्या, मानेपर्यंत लाल एकही नाही. एक खोका उलटून बघून बाजूला ठेवायला सांग. आणि वजनकाट्याला दुसरी जागा बघ.

उरलेला लोभ समोरासमोर.
भिंगरी