परक्या बाईची पाठ

१२ जानेवारी

सरांनी पुन्हा पुसायला लावलं. "ही पाठ नाही, पाट आहे," म्हणाले. अख्खा वर्ग हसला. मीही हसले, दुसरं काय करणार.

जुन्या काळातलं चित्र — न्हाऊन बसलेली बाई, पाठमोरी, अंगावर कपडा नाही. तैलरंग शिकायचे तर आधी हिची हुबेहूब नक्कल करायची. चेहरा काढायचा नाही म्हणून सोपं वाटलं होतं मला!

२० जानेवारी

सध्या नुसता तपकिरी आणि पांढरा. अंगाचा रंग नंतर, पातळ थरांनी. कॅनव्हास आईच्या खोलीत ठेवलाय, उजेड तिथेच बरा. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई पलंगावरच आहे. सगळं बघत असते. "मेलेली दिसते गं तुझी बाई," म्हणाली.

खरंच दिसते.

२३ जानेवारी

टर्पेंटाईनच्या वासाने आईचं डोकं धरलं. खिडकी उघडली तर थंडी. काम बंद.

५ फेब्रुवारी

सर म्हणतात, कातडीचा रंग ट्यूबमध्ये मिळत नाही. खाली हिरवट, वर पिवळसर, रक्त जवळ असेल तिथे तांबडा. "घरात माणसं असतील ना? बघा त्यांच्याकडे नीट."

घरात एकच माणूस.

६ फेब्रुवारी

कुणाला सांगता येणार नाही, म्हणून इथे लिहिते.

सकाळी आईला कुशीवर वळवून अंग पुसत होते. पाठीवर ऊन आलं होतं. मणक्यापाशी हिरवट, खांद्याकडे पिवळसर — सर म्हणाले अगदी तस्सं. आणि खाली माकडहाडावर तांबडा. मध्ये गर्द, कडांना विरत गेलेला. काय सुरेख, वाटलं मला. यात किंचित निळा घालावा लागेल.

मग आई कण्हली.

जखम होती ती. पडून पडून झालेली. रोज मीच पुसते ती पाठ.

८ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, खोल आहे. दादा लगोलग गाडी काढून आला. "तू आईकडे बघत होतीस की चित्राकडे?" त्याच्या घराजवळ आजारी माणसांसाठी केंद्र आहे म्हणे, दिवसरात्र नर्स असतात. आई कुठेही जाणार नाही, एवढंच मी म्हटलं.

कॅनव्हास कोपऱ्यात उलटा करून ठेवला.

१७ फेब्रुवारी

वर्ग बुडाला. नोकरीही बिनपगारी रजेवर. आईला सारखी या कुशीवरून त्या कुशीवर वळवायची, मलमपट्टी, पुन्हा वळवायची. आज म्हणाली, "तुझी बाई कुठे गेली?"

"आहे कोपऱ्यात."

"आण की इकडे. या कुशीवर मला नुसती भिंत दिसते."

तिच्यासमोरच रंगवायला बसले. वासाबद्दल चकार शब्द नाही. सूचना मात्र चालू — "खांदा पाड जरा. घरात इतकं ताठ कोण बसतं?"

३ मार्च

सर घरी येऊन गेले. आई झोपली होती. चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मग हळू आवाजात, "बाई, मूळ चित्रातली कातडी ताणलेली आहे. ही सुटलीय. ही पाठ कुणाची काढलीत?"

मी पलंगाकडे पाहिलं फक्त.

नक्कल म्हणून नापास, म्हणाले. पुसायला मात्र सांगितलं नाही.

९ मार्च

दादा आईला त्या केंद्रात घेऊन गेला. तिनेच फोन करून बोलावलं होतं, मला पत्ता लागू न देता. गाडीत बसवताना म्हणाली, "रागावू नकोस, पोरी. माझ्या पाठीमागे किती वर्षं बसशील?"

गाडी कोपऱ्यावर वळली आणि मला मोकळं वाटलं. आता लिहितानाही वाटतंय.