लुईची चूक आणि माझे वीस गुंठे

मी, माधव नथू वाळुंज, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त इतिहास शिक्षक, मूळ राहणार वलवण, लोणावळा, सध्या मुक्काम माझे सहकारी शिक्षक मकसूद मुलाणी यांच्या वराळे येथील घरी, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण ते ठिकाणावर नसल्याचा, माझ्याच सहीचा कागद माझ्या दोन मुलांच्या कपाटात आहे. तो खोटा आहे, दमदाटीने घेतलेला आहे, तो रद्द समजावा.

१. वलवणचं घर : याबद्दल लिहायला काही उरलेलं नाही. आठ वर्षांपूर्वीच मी ते बक्षीसपत्राने समर्थ आणि धवल या मुलांना देऊन बसलो. बावीस वर्षं मी युरोपातल्या फ्रँक लोकांचा सम्राट लुई याच्यावर ग्रंथ लिहितो आहे. सन ८१७ मध्ये त्याने हयातीतच तीन मुलांना राज्य वाटून दिलं. पुढे चौथा मुलगा चार्ल्स याच्यासाठी वाटा काढायला गेला, तर थोरले तिघे बापावरच उलटले. हे सगळं माझ्या हाताने लिहिलं आणि निबंधक कचेरीत जाऊन तेच करून आलो! माझ्यासारखा गाढव मीच.

२. तिकोणा पेठेचे वीस गुंठे : माझ्या फंडातून घेतलेली, माझ्या एकट्याच्या नावावरची ही जमीन मुलगी श्रद्धा हिला. माझी पत्नी कैलासवासी शैला हिच्या आजारपणात तीन वर्षं तिने नोकरी सोडून आईचं सगळं केलं. भाऊ रविवारी डोकावून जात.

जमीन श्रद्धाला देणार, एवढंच बोललो होतो. शैलाच्या वर्षश्राद्धाला पाहुणे जमले, पानं वाढून झाली आणि समर्थने कागद पुढे केला : 'डोकं ठिकाणावर नसताना बोललो, सर्वांची माफी मागतो.' धवल म्हणाला, "बाबा, मोठ्याने वाचा, मागच्यांना ऐकू येत नाही."

माझी बहीण शालूबाई म्हणाली, "दादा, कर की सही. मानसं उपाशी बसल्यात, वैनीच्या नावाचं जेवान हाय."

वाचलं. सही केली. लुईलाही पोरांनी चर्चमध्ये सगळ्यांदेखत पापं कबूल करायला लावली होती. त्यांना त्यासाठी फौज लागली, माझ्यांचं वाढलेल्या पानांवर भागलं. श्रद्धा तेव्हा खीर वाढत होती. पातेलं खाली ठेवून ती निघून गेली, त्यानंतर त्या घरात गेलेली नाही.

३. शालूबाई : काही नाही. ती जेवून गेली आहे.

४. ग्रंथाच्या वह्या समर्थ आणि धवल यांना. माझ्या वर्षश्राद्धाला, त्याच पाहुण्यांसमोर, पानं वाढून झाल्यावर दोघांनी लुईच्या कबुलीचं प्रकरण आळीपाळीने वाचावं. मोठ्याने. सक्ती करायला माझ्या हातात काही नाही, घर तर देऊन बसलोय. पण मकसूदभाई पहिल्या पंगतीला बसतील आणि संपेपर्यंत घास उचलणार नाहीत.

५. शेवटचं पान : लुईने मरताना बंडखोर मुलाला माफ केलं. ते पान मी वहीतून काढून श्रद्धाकडे दिलं आहे. भावांना द्यायचं की चुलीत घालायचं, हे तिने ठरवावं. माझ्याने ते ठरलं नाही.

या मृत्युपत्राचा अंमल मकसूद मुलाणी यांनी करावा.

स्थळ : वराळे, ता. मावळ
दिनांक : ९ जानेवारी २०२५

(सही) मा. न. वाळुंज

आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत आणि भयंकर संतापात सही केली :
१. डॉ. कोमल केदारी
२. मारुती टेमघरे, शाळेचे निवृत्त शिपाई