साठ पावलांवरची थाळी

१० एप्रिल २०२१, शनिवार. सणसर.
सुखरूप पोचले. पुण्याहून निघताना चाचणीचा कागद, ओळखपत्र आणि थर्मास जवळ ठेवला होता. तिन्हींपैकी थर्मासच उपयोगी पडला, कारण वाटेत कुणी काही विचारलंच नाही. धाकट्या भावाने, मोहनने, दोन वर्षांपूर्वी शेतात बांधलेलं हे घर मी आज प्रथमच पाहिलं. पुढे टोमॅटो, मागे पेरूची बाग, पलीकडे ऊस. हवा इतकी स्वच्छ की मास्क काढून एक खोल श्वास घेतला. लगेच परत लावला.

त्याच्या बायकोने, द्वारकाबाईने, दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मिठी मारायला पुढे आली. मी हात जोडून मागे सरले. मोहन हसत म्हणाला, आक्का अजून वर्गावरच हाय. छत्तीस वर्षं मुलींना शास्त्र शिकवलं, एका दिवसात कसं सुटेल? त्यांचा मुलगा, माझा भाचा गोकुळ, टेम्पोतून बारामतीला भाजी नेतो. त्याची बायको प्रगती बाळंतपणासाठी जळोचीला, माहेरी आहे. पुढच्या महिन्यात बाळ येईल. त्याआधी या घराला शिस्त लावायची, असं मी ठरवलं आहे.

१३ एप्रिल, पाडवा.
बाहेरच्या नळावर साबण, दाराशी सॅनिटायझर, टेम्पोतून आल्यावर कपडे थेट बादलीत. गोकुळ विचारतो, आत्या, भेंडीला बी मास्क लावू का? मी म्हटलं, तू लाव, मग भेंडीचं पाहू. द्वारकाबाईने आज गुढीबरोबर सॅनिटायझरच्या बाटलीलाही हळदकुंकू वाहिलं. तिच्या लेखी दोन्ही सारखंच. आजार येणाराला येतो, न येणाराला न्हाय येत, हे तिचं शास्त्र. मी वाद घातला नाही. बाटली भरून ठेवली.

१५ एप्रिल.
शेजारचे म्हस्कू आबा संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतात. एके काळी मेंढरं राखली, आता नव्वदीला टेकलेत. मास्क गळ्यात, पदकासारखा. आजीकडून ऐकलेली प्लेगची हकीकत त्यांनी सांगितली. आज आपल्या विहिरीजवळ मोटारीची खोली आहे, तिथे तेव्हा आजाऱ्यांच्या झोपड्या होत्या. घरच्यांनी ताट दगडावर ठेवायचं आणि लांब जायचं. जेवून झालं की आजाऱ्याने थाळी वाजवायची. थाळी वाजली म्हणजे माणूस आहे.

मला ही पद्धत फार आवडली. न शिकलेल्या माणसांनी किती नेमकं शोधलं होतं! आबा म्हणाले, पण दिस मावळायच्या आत वीस पावलांवरनं हाक मारून तोंड बघायचं, ते चुकवायचं न्हाय. थाळी काय, कुणीबी वाजवतंय. तोंड ज्याचं त्यालाच दावावं लागतं. ‘कुणीबी’ म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. अशा गोष्टींना मी खतपाणी घालत नाही.

१८ एप्रिल.
कळंबला द्वारकाबाईच्या भाचीचा साखरपुडा. मी स्पष्ट नको म्हटलं. मोहन गेला नाही, गोकुळ गेला. पंचवीस माणसं बोलावली होती, दोनशे जेवली, असं त्याने परत येऊन अभिमानाने सांगितलं. न गेलो तर तोंड दाखवायला जागा उरली नसती, म्हणे. मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही.

२१ एप्रिल.
गोकुळला ताप. चाचणी पॉझिटिव्ह. तीन ठिकाणी फोन केले. खाट कुठेच शिल्लक नाही, घरीच वेगळं ठेवा, असं सांगितलं. घरात एकच मोरी, एकच संडास. मोटारीची खोली रिकामी आहे. दारापासून साठ पावलं, मी स्वतः मोजली. खाट, माठ, गोळ्या, ऑक्सिमीटर, वही-पेन आणि थाळी दिली. बोटाचा आकडा चिठ्ठीवर लिहून रिकाम्या ताटात ठेवायचा. ताट उकळत्या पाण्यात घालून मगच घरात येणार. बाकी काही आत-बाहेर होणार नाही, चार्जरसुद्धा नाही; फोन बंद पडला तर पडू दे. जाताना गोकुळ म्हणाला, आत्या, पोरगं झालं तर थाळी वाजवून कळवा मला. एक वाजता थाळी वाजली, सात वाजता वाजली. चिठ्ठी: ९६. उत्तम.

२२ एप्रिल.
सहाच्या सुमाराला द्वारकाबाई आबांच्या सांगण्यावरून तोंड बघायला गेली. वीस पावलांवर थांबायची होती. गोकुळ खिडकीत आला, घामाने निथळत होता, ही धावत गेली आणि गजांतून हात घालून पदराने त्याचा चेहरा पुसला! मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. नातवाला हेच देणार का, असंही बोलले. ती रडली. मी खिडकीला बाहेरून पोतं ठोकलं. आता तोंड बघणं बंद. थाळी आणि आकडा पुरे. चिठ्ठी: ९५.

२३ एप्रिल.
दोन्ही वेळा थाळी. चिठ्ठी: ९६. सुधारतो आहे. द्वारकाबाई विचारते, हाक तरी मारू का? मी म्हटलं, उत्तर द्यायला तो खोकत उठेल, कशाला? तिने मानलं. या घरात आता माझं ऐकतात.

२४ एप्रिल.
९६. पेन संपलं असावं, आकडा कोळशाने लिहिला आहे. ताट चाटूनपुसून साफ.

२५ एप्रिल.
९६. पुन्हा कोळशाने. द्वारकाबाईने ताट मला आणून दाखवलं. राखेने घासलेलं होतं. ती म्हणाली, वन्सं, माझ्या पोरानं जन्मात ताट धुतलं न्हाय. मी म्हटलं, आजाराने शहाणपण आलं. मोहन म्हणाला, विहिरीकडनं वास येतोय, शेजाऱ्यानं कोंबडीखत टाकलं असंल. दोन मास्कमुळे मला काही कळलं नाही.

त्या खोलीत राख कुठून आली? चूल नाही.

२६ एप्रिल.
दुपारची थाळी वाजत असतानाच म्हस्कू आबा आले. पोराचं तोंड कुणी बघितलं, असं त्यांनी विचारलं. ते माझ्याकडे बघत राहिले. थाळी वाजतच होती.

मीच गेले. साठ पावलं. थाळी थांबली. दार ढकललं.

गोकुळ खाटेवर

संध्याकाळ. पांढऱ्या पोशाखातली माणसं येऊन त्याला घेऊन गेली. त्यांच्यातला एकजण मला बाजूला घेऊन म्हणाला, बाई, किमान तीन दिवस झालेत. मी त्याला चिठ्ठ्या दाखवल्या. आजचीही. त्याने वाचल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी त्या परत घेतल्या. थाळी खुंटीवर होती. तिच्यावर धूळ होती.

द्वारकाबाई विहिरीकडे तोंड करून ओट्यावर बसली. तिने एकदा हाक मारली असती तर — मी मारू दिली असती तर —

२७ एप्रिल.
खोलीला कुलूप. किल्ली माझ्या कमरेला.
एक वाजता थाळी वाजली.
तिघांनीही ऐकली. मोहन म्हणाला, पत्रा हाय, वाऱ्यानं. झाडाचं पान हलत नव्हतं. द्वारकाबाई उठली, ताट वाढलं, दगडावर ठेवून आली. मी अडवू शकले नाही. अर्ध्या तासाने ताट घेऊन आली. घासलेलं. चिठ्ठी: ९६.

ती चिठ्ठी तिने देवघरात ठेवली.

२८ एप्रिल.
सकाळपासून कणकण. एकशे दोन. बोटाचा आकडा ९३. पुन्हा फोन केले. खाट नाही.
नियम माझाच आहे. मोहन हात जोडून म्हणाला, आक्का, तितं नगं, वसरीवर झोप. मी म्हटलं, मोरी एकच आहे. जो नियम पोराला, तोच मला. खोली फिनेलने दोनदा पुसून घेतली. निघताना द्वारकाबाईने माझ्या हातात थाळी दिली. तीच. लख्ख घासलेली.

पोतं अजून खिडकीला आहे. माझेच खिळे.

२९ एप्रिल.
९१. एक वाजता मी थाळी वाजवली. बरं वाटलं. इथे काही नाही. रिकामी खोली आहे, फिनेलचा वास आहे. मी शास्त्र शिकवलं आहे.

सात वाजता ताट आलं. खाल्लं नाही. डोळा लागला. जाग आली तर ताट रिकामं, दाराबाहेर.

३० एप्रिल.
८८. चिठ्ठीवर ८८ लिहिलं. ताटात ठेवली, नीट आठवतं. द्वारकाबाई ताट न्यायला आली. चिठ्ठी वाचून मोहनला ओरडून सांगत होती — शहाण्णव, शहाण्णव हाय —

मी हाक मारली. आवाज दारापर्यंतही

एक वाजता. थाळीकडे हात नेला. पोचायच्या आधी वाजली.
तिची पावलं परत गेली. समाधानाने गेली.

१ मे.
आकडा दिसत नाही. चष्मा हातात आहे, घालायला जमत नाही —

दिवस मावळतीला द्वारकाबाईची पावलं. ताट नाही आणलं. पोतं ओढते आहे. खिळे निघाले. ऊन आत आलं. देवा, तिने नियम मोडला, बरं केलं, बाई, बरं केलंस —
वीस पावलांवर गेली. हाक मारली. वन्सं, तोंड दाखवा.

उठते आहे. पाय —

बाहेरून म्हणाली, व्हय, दिसलं वन्सं. बऱ्या दिसताय की. रडते आहे आनंदाने. उद्या येते म्हणाली. उद्या नको, आत्ता, जाऊ नको —

मी खाटेवर आहे. उठलेच नाही.
खिडकीपाशी कुणीतरी उभं आहे. माझ्याकडे पाठ. माझी निळी साडी. हात हलवते आहे तिला —

आबांना सांगा, तोंडसुद्धा कुणीबी

पावलं गेली. खिडकीतली ती आता वळ