मयत मुलाचा हुद्दा खाली उतरवून मिळण्याबाबत

प्रति,
मा. कमांडिंग अधिकारी साहेब,
छावणी मुख्यालय.

(आस्थापना शाखेच्या मोठ्या कारकुनांनी अर्ज घेण्यास नकार दिल्याने समक्ष सादर.)

विषय: अर्जदाराचा मयत मुलगा नेमणुकीच्या वेळी सेकंड लेफ्टनंट असताना त्यास नेमणुकीपासूनच कॅप्टन ठरवल्याबद्दल हरकत, आणि त्याचा हुद्दा होता तेथे खाली आणण्याची विनंती.

संदर्भ: १) नेमणूक दुरुस्तीचा आपला हुकूम, जो बँड वाजवून देण्यात आला.
२) नाल्यापलीकडच्या चौकीच्या चौकशीचा निकाल, जो मैदानात कर्ण्यावरून वाचून दाखवण्यात आला.

महोदय,

१. अर्जदार या छावणीचा न्हावी आहे. आपण त्यास चांगले ओळखता, तरी अर्जात ओळख द्यावी लागते म्हणून दिली. हा अर्ज अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहिला आहे. अर्जदारास अक्षरे उतारवयात आली आणि ती मुलानेच शिकवली. काम संपले की तो दाढीच्या ब्रशाने आरशाला फेस फासायचा, फेसात बोटाने अक्षर काढायचा, आणि फेस वाळून गळायच्या आत अर्जदाराने ते ओळखायचे, असा त्याचा कायदा होता. त्यामुळे अक्षर वाकडे असले तरी मजकुरात दुसऱ्या कोणाचा हात नाही. या अर्जाबद्दल काही शिक्षा द्यायची झाल्यास ती दुसऱ्या कोणास देऊ नये.

२. मुलाची नेमणूक एका ताऱ्यावर, म्हणजे सेकंड लेफ्टनंट म्हणून झाली. याचा पुरावा कारकुनांनी मागितला तो असा. केस कापण्याच्या खोलीत बसण्याचा एक शिरस्ता आहे. शिपायांसाठी भिंतीलगतचे बाकडे. एक-दोन ताऱ्यांच्या साहेबांसाठी खिडकीजवळची गादीची खुर्ची. कॅप्टन आणि त्यावरचे साहेब त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत, त्यांच्या बंगल्यावर अर्जदार पेटी घेऊन जातो. हा शिरस्ता आपल्या आधीच्या साहेबांच्याही आधीपासून आहे आणि तो मोडलेला अर्जदाराने पाहिलेला नाही.

शपथ घेतली त्या दिवशी मुलगा सरळ त्या खोलीत आला. बाकड्यावरचे सगळे शिपाई ताडकन उठले. त्यात भटारखान्याच्या आचाऱ्याचा मुलगा होता. त्याचे अर्धे डोके कापून झाले होते आणि अर्धे राहिले होते, तशाच अवतारात त्याने सलाम ठोकला. ही दोन्ही पोरे एकाच अंगणात वाढलेली. सलाम खाली आल्याबरोबर तो म्हणाला, "साहेब झालास तरी टाळूवरचा भोवरा तोच रे! हवं तर काकांना विचार." सगळी खोली हसली. मुलगाही हसला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. अर्जदाराने त्याच्या खांद्यावरून कापड टाकले तर त्याने एका बाजूने ते खाली ओढले. म्हणाला, "बाबा, हा झाकू नका, आजच मिळालाय." तो तारा एकच होता.

मुलगा कॅप्टन असता तर अर्जदार त्याच्याकडे गेला असता. तो अर्जदाराकडे आला. याहून मोठा पुरावा अर्जदाराजवळ नाही.

३. पुढे मुलगा आपली तुकडी घेऊन नाल्यापलीकडच्या चौकीवर गेला. कोण कुठे गेले हे घरच्यांना सांगत नाहीत, तसे अर्जदारालाही सांगितले नाही. त्या चौकीतून कोणीही परत आले नाही. आचाऱ्याचा मुलगाही तिथेच होता. शिपायांच्या रांगेत दोघांना शेजारी शेजारी पुरले. त्या दिवशी आचारी आणि अर्जदार एकमेकांना धरून उभे होते, आणि कोण कोणाला धरून आहे हे बघणाऱ्याला सांगता आले नसते.

४. त्यानंतर काही दिवसांनी आपण अर्जदारास आणि मुलाच्या आईस सभागृहात बोलावले. बँड होता. मखमलीच्या डबीत तीन पितळी तारे होते. नेमणुकीच्या कागदात चूक राहिली होती, मुलगा पहिल्या दिवसापासूनच कॅप्टन होता, आता ती चूक दुरुस्त करून त्याचा मान त्याला देत आहोत, असे आपण म्हणालात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलाच्या आईने डबी छातीशी धरली. अर्जदारास बोलायला सांगितले तेव्हा तो दोन शब्द बोलला, आणि ते दोन्ही आपल्या आभाराचे होते. घरी आल्यावर मुलाची आई रोज ते तारे राखेने घासू लागली. शेजारणींना बोलावून बोलावून दाखवू लागली. त्या बाईला हसू फुटले ते तेवढ्याच दिवसांत.

५. मग चौकशीचा निकाल मैदानात वाचला. मेलेल्या शिपायांच्या घरच्या सगळ्यांना बोलावून पुढे बसवले होते. निकालाचा अर्थ असा की, जागेवर कॅप्टन किंवा वरचा अधिकारी हजर असेल तर माणसे मागे आणायची की नाही हे त्यानेच ठरवायचे असते, मुख्यालयाला विचारायची गरज नसते. चौकीवर कॅप्टन हजर होता. पूल मोकळा असताना त्याने माणसे मागे आणली नाहीत. सबब सगळ्या मृत्यूंची जबाबदारी त्याची.

हे ऐकताना मुलाच्या आईच्या पदरात ती डबी होती, कारण अशा समारंभाला ती न्यायची असते असे तिला वाटले होते.

दुसऱ्या दिवशी आचाऱ्याची बायको दारात आली. ती आत आली नाही. म्हणाली, "भावजी, तुमच्या लेकानं माझ्या लेकाला तिथं बसवून मारलं. पूल मोकळा होता म्हणे. चार पावलं होती." मग मुलाच्या आईकडे वळून म्हणाली, "आणि तू मला तारे दाखवत होतीस. माझ्या हातात दिलेस तू ते. चमकतात का बघ म्हणालीस." एवढे बोलून ती उंबऱ्यावर थुंकली आणि गेली. मुलाच्या आईने उंबरा पुसला नाही. अजून पुसू देत नाही. भटारखान्यात अर्जदार ताट घेऊन रांगेत उभा राहतो, त्याच्या पुढच्याला वाढून झाले की आचाऱ्याची पळी अर्जदाराच्या ताटावरून पलीकडे जाते आणि मागच्याच्या ताटात रिकामी होते. आचारी वर बघत नाही. अर्जदार त्याला दोष देत नाही.

६. कॅप्टनला शिपायांच्या रांगेत ठेवता येत नाही, असा नियम निघाला. म्हणून मुलाला उकरून साहेबांच्या कबरींच्या कुंपणात हलवण्यात आले. त्या वेळी ओळख पटवायला घरचा माणूस लागतो, तो अर्जदार होता. चेहरा उरला नव्हता. टाळूवरचा भोवरा पाहून अर्जदाराने होय म्हटले. कुंपणात आता त्याच्या दोन्ही बाजूंना कोणी नाही. आचाऱ्याच्या मुलाशेजारी एक खड्डा राहिला आहे, तो अजून बुजवलेला नाही आणि पावसाने त्याची एक कड ढासळत आहे. शिपायांच्या आया त्या खड्ड्याकडे बोट दाखवून म्हणतात की मेल्यावरसुद्धा याला पोरांजवळ राहवलं नाही.

७. अर्जदार आस्थापना शाखेत गेला. मोठे कारकून म्हणाले, "बाबा, लोक इथं पोराचा हुद्दा वाढवून मागायला येतात. तुम्ही पहिलेच, जे खाली ओढायला आलात. वेड लागलं की काय?" बाजूच्या टेबलावरचे म्हणाले, "न्हाव्याला वाटतं हुद्दाही वाढला की कापता येतो." ते हसून झाल्यावर मोठ्या कारकुनांनी नियम वाचून दाखवला. नेमणुकीच्या हुद्द्याबद्दल हरकत फक्त त्या अधिकाऱ्याला स्वतःला घेता येते. ती त्याने पूर्ण गणवेशात समक्ष येऊन घ्यावी लागते. अर्जदाराने विचारले की, तो कुंपणात आहे, तो कसा येईल? कारकून म्हणाले, "मग त्याची हरकत नाही असं धरू." अर्जदार पुन्हा गेला तेव्हा त्यांनी खिडकी लावून घेतली.

वाढलेल्या हुद्द्याचे पेन्शन अर्जदारास नको आहे. मुलाच्या नावाने काही मिळावे यासाठी हा अर्ज नाही. काढून घ्यावे यासाठी आहे.

८. आता जे लिहितो ते चौकशीत आलेले नाही. चौकशीवाल्यांनी विचारले की त्या सकाळी बंगल्यावर खोलीत कोण कोण होते, तर आपण आणि अर्दली असे उत्तर आले. ते उत्तर आपल्या परीने खरे आहे, कारण खोलीत न्हावी असला तरी त्याला कोणी धरत नाही. अर्दलीची आता फार लांब बदली झाली आहे. अर्जदार इथेच आहे.

त्या सकाळी आपला उजवा गाल झाला होता आणि डाव्या गालावर फेस होता. अर्दली बिनतारी निरोप घेऊन दारात उभा राहिला. त्याने वाचले ते असे: नाल्यापलीकडच्या चौकीवरचे सेकंड लेफ्टनंट विचारतात, शत्रू तीन बाजूंनी आला आहे, पूल अजून मोकळा आहे, माणसे मागे आणू का? सेकंड लेफ्टनंट हे शब्द त्याने स्वच्छ म्हटले. आपण डोळे न उघडता म्हणालात, "त्या पोराला सांग, जागचं हलायचं नाही. आणि दार लावून घे, वारा लागतोय."

आपला जबडा हलला म्हणून अर्जदाराने वस्तरा उचलून धरला. आपले बोलणे संपल्यावर तो परत टेकवला. ते पोर कोण हे अर्जदारास ठाऊक नव्हते. त्याने डावा गाल पुरा केला, तुरटी फिरवली, तोंड पुसले. आपण आरशात पाहून "झकास" म्हणालात. अर्जदार व्हरांड्यात पेटी आवरत होता तेव्हा दुसरा निरोप आला. आतून सांगणे आले की साहेब नाश्त्याला बसले आहेत, थांबायला सांगा. निरोप थांबला. पूल थांबला नाही.

मुलगा विचारत होता, कारण त्याला विचारावे लागत होते. कॅप्टनला विचारावे लागत नाही. जो एका ताऱ्याचा असतो तोच विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत जागचा हलत नाही. त्याला तसेच शिकवले होते, आणि थोडे अर्जदारानेही शिकवले होते, की मोठ्या माणसाने सांगितल्याशिवाय उठू नये.

९. तरी विनंती अशी की,
(अ) मुलाला नेमणुकीच्या दिवसापासून मरेपर्यंत सेकंड लेफ्टनंटच धरावे.
(आ) त्याला कुंपणातून काढून आचाऱ्याच्या मुलाशेजारच्या खड्ड्यात परत ठेवावे. पुन्हा ओळख पटवायची झाल्यास अर्जदार येईल.
(इ) तो पूल मोकळा असताना विचारत होता आणि त्याला नाही म्हटले गेले, हे त्याच मैदानात, त्याच कर्ण्यावरून, त्याच आयांना समोर बसवून वाचावे. नाही कोण म्हणाले तेही वाचावे.

१०. एवढे शेवटचे अर्जदार म्हणून नाही, मी म्हणून लिहितो. त्या दिवसानंतर एकही सकाळ मी चुकवली नाही, हे आपण पाहिले आहे. उद्याही नेहमीच्या वेळी येईन. आधी गरम टॉवेल, मग साबण, मग उजवा गाल, मग डावा, आणि सगळ्यात शेवटी आपण डोके मागे टाकून मान वर करता ती जागा. वस्तरा चालू असताना बोलू नये, एवढीच माझी आपल्याला इतकी वर्षे विनंती राहिली, आणि माझ्यासमोर आपण ती एकदाच मोडलीत. उद्या मात्र बोलावे. मान वर केल्यावर या अर्जाचे उत्तर तोंडी द्यावे. लेखी उत्तराची मला घाई नाही. मी म्हातारा झालो तरी माझा हात अजून कापत नाही, याबद्दल आपण निश्चिंत असावे. माझ्याऐवजी माझ्या हाताखालच्याला बोलवायचे ठरवल्यास माझी हरकत नाही. त्याचा धाकटा भाऊ त्याच चौकीत होता आणि हा अर्ज मी त्याला वाचून दाखवला आहे.

उद्या सकाळी आपल्या खुर्चीमागे उभा राहणारा,

(सही)
छावणीचा न्हावी,
सेकंड लेफ्टनंटचा बाप.

दिनांक: कारकुनांनी खिडकी लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी.

सोबत: मखमलीच्या डबीत दोन पितळी तारे, परत. तिसरा ठेवून घेतला आहे, तो त्याचा आहे.