नवरदेवाच्या हाती सुई

देऊळघाट, ता. १२ फेब्रुवारी १९६४

तीर्थस्वरूप सिंधूताईस,

तुझ्या धाकट्या निवृत्तीचा आणि तुझ्या भावजयीचा, जनकाचा, शिरसाष्टांग नमस्कार. दाजींचा पाय कसा आहे? प्लास्टर निघेपर्यंत हे पत्र त्यांना दाखवू नकोस. रागाच्या भरात उठतील आणि पुन्हा पडतील.

तुझी कौशल्या मॅट्रिकचा अभ्यास नेटाने करते. ती इंग्रजीत मागे पडू नये म्हणून संध्याकाळी बायका डाळ निवडत असताना मी इंग्रजी कादंबऱ्या मराठीतून सांगतो (मास्तर माणसाला दुसरं येतं काय?). जुन्या कादंबऱ्यांत साहेब घोड्यावरून येतो, मुलगी पसंत करतो. जमीन मुलांना, मुलींना पियानो. जनका म्हणाली, “म्हंजे मडमाईचंबी आपल्यावानीच हाय.” नव्यांत मात्र बाया पगार मिळवतात आणि नवऱ्याला प्रश्न विचारतात. तिथे कौशल्याचा डाळीतला हात थांबायचा. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

काल संग्रामपूरचे उकंडराव मुलाला, अर्जुनला, घेऊन तिला पाहायला आले. मुलगा शेतकी खात्यात, स्वभावाने सरळ वाटला. रीतीप्रमाणे कौशल्याने चालून दाखवलं, पेपर वाचला. नजर पारखायला त्यांनी सुई-दोरा दिला, तोही तिने एका दमात ओवला. मग दोरा काढून सुई अर्जुनपुढे धरली आणि शांतपणे म्हणाली, “आता तुमी ओवा.” माझा चहा धोतरावर सांडला. उकंडराव म्हणाले, “आमच्यात पोराले पाहाची रीत नाई.” तोवर अर्जुनने तीनदा हुकवून खिशात लपवलेला चष्मा काढला (भिंगं चांगली जाड) आणि सुई ओवली. मी सगळा दोष कादंबऱ्यांवर ढकलून पाहिला, पण उकंडराव न जेवता उठले आणि मोटारीला तासभर अवकाश असताना स्टँडवर जाऊन बसले.

ताई, तू लेक माझ्या भरवशावर ठेवलीस. स्थळ मोडलं तर दोष माझा. जिवाला चुटपुट लागली आहे. पण खरं सांगतो, तिचा अभिमानही वाटला. अपराध पोटात घाल.

तुझा
निवृत्ती

ता. क. : स्थळ मोडलेलं नाही. तू आधी रागावून घ्यावंस म्हणून वरचं आधी लिहिलं. टोपी विसरली म्हणून अर्जुन स्टँडवरून एकटाच परत आला आणि विचारू लागला, “त्या कादंबऱ्याईत लगनानंतर काय होते?” मी म्हटलं, जुन्या लग्नापाशी संपतात, नव्या तिथून सुरू होतात. म्हणाला, “मंग मले नवीच द्या.” कौशल्या म्हणाली, “पयले माहं कॉलेज, मंग लगन.” त्याने मान डोलावली, म्हणाला, “हाव.” आता उकंडरावांना पत्र तूच घाल आणि दाजींनाही तूच समजाव. त्या दोघांपुढे माझी जीभ रेटत नाही.

आणखी एक : सुई चुकून अर्जुनच्याच खिशात गेली. ती परत द्यायला तो रविवारी दोन मोटारी बदलून येणार आहे. घरात सुयांची अख्खी पुडी आहे, हे कौशल्याने त्याला सांगितलेलं नाही.